गाव हलकं करायचं नाय

मला हे लिहायचं नव्हतं, ते आधीच सांगून ठेवतो. आमच्या गावची पोरं दिवाळीला एक छापील पुस्तक काढतात. प्रत्येकानं त्यात गावाची एक आठवण लिहायची म्हणे. मी म्हटलं, मी चौथीतून पळालेला माणूस. माझ्याकडं कांद्याचं बी मागा, रोप मागा, लिखाण कसलं मागता? तर म्हणे, "नाना, तुमी निस्ता त्यो फोटोचा किस्सा लिवा. लोक पोट धरून हसत्याल." बघा म्हणजे! फजिती माझी आणि पोटं लोकांची. वर हे सांगायला आले ते माझ्याच घरचा चहा पिऊन गेले.

बरं, पिलाच आहात तर ऐका. मधे कुणी शहाणपणा करायचा नाही.

आमचं गाव, आमचं गाव म्हणतो आपण, पण त्या गावाला आता जायचं तर पोहत जावं लागतं. आंबेगाव तालुक्यात, पश्चिमेला, डोंगराच्या पायाशी नदीकाठी होतं. धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. मला जमीन मिळाली ती इकडं जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुकला. जमीन चांगली आहे, खोटं कशाला बोलू? कांदा होतो, ऊस होतो. पण सकाळी दाराबाहेर आलो की मान आपोआप वर जाते, डोंगर बघायला. डोंगर नसतोच. मग मान रिकामी खाली येते. इतकी वर्षं झाली, मानेला अजून कळलं नाही.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, तेव्हा आम्ही म्हातारे जीप करून जातो. काठावर बसतो. पाणी खाली जाईल तसा आधी देवळाचा कळस वर येतो, मग शिखर, मग मंडप. आणखी उतरलं तर आमच्या वरच्या आळीची जोती दिसतात. मी माझं जोतं ओळखतो, त्यावर जाऊन बसतो, तंबाखू मळतो, घरी येतो. खालची आळी काही दिसत नाही. तिथपर्यंत पाणी कधी उतरतच नाही.

आणि खालच्या आळीत माझ्या आक्काचं घर.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी पाठचा, म्हणून मला कडेवर तिनंच मिरवलं. तिला दिली गावातल्या गावात, वरच्या आळीतून खालच्या आळीत. माझ्या ओट्यावरून हाक मारली की तिच्या दारात ऐकू जायची. "आक्का, कालवण काय?" एवढं ओरडायचं आणि ताटली घेऊन उतरायचं. गाव उठलं तेव्हा तिचा मुलगा बडोद्याला कारखान्यात होता, तो तिला घेऊन गेला. हाकेवरची बहीण एकदम दुसऱ्या राज्यात! मी भाऊबीजेला जाईन जाईन म्हणत राहिलो. दिवाळीलाच नेमकी कांद्याची लागण येते. गुडघे पण आहेत. थोडक्यात, गेलो नाही.

आता फोटोचं सांगतो.

पाणी यायच्या आधी शेवटची जत्रा झाली, तेव्हा मंचरकडचा एक फोटोवाला आला होता. नदीपल्याडच्या टेकडीवर चढून त्यानं अख्ख्या गावाचा एक फोटो काढला. चांगला मोठा, परातीत मावणार नाही एवढा. वरती आभाळ, मग डोंगर, मग देवळाचा कळस, मग वरची आळी, तिच्याखाली खालची आळी, आणि अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात, आक्काचं घर. निळं दार, दारापुढं तुळस. सगळं स्वच्छ.

फोटोवाला तो फोटो घेऊन घरोघर हिंडला. कुणी घेतला नाही. गाव समोर असताना गावाचा फोटो कशाला? आणि पाणी कुठलं येतंय, सरकार निस्तं बोलतं, असं सगळे म्हणायचे. मी एकट्यानं घेतला. हुशारी नव्हती त्यात. माझ्या कौलांवर वाळत घातलेली मिरची फोटोत लालभडक दिसत होती, ती मला आवडली.

मग पाणी आलं. आणि तो फोटो एकाएकी सगळ्यांचा झाला.

सगळ्यांत पुढं बबन. बबन म्हणजे आक्काचा दीर, खालच्या आळीतला. माझं नशीब बघा, सगळा तालुका मोकळा असताना त्याला जमीन मिळाली ती बोरीतच, माझ्या बांधाला बांध. तो म्हणायला लागला, "फोटो गावाचा हाय, पावणं. देवळात लावा." मी म्हटलं, देऊळ कुठाय? "नवं बांधू की." मी म्हटलं, बांध, मग बघू. एक दिवस मी शेतात असताना घरी येऊन फोटो न्यायला बघत होता. आमच्या मंडळींनी कालथा दाखवला म्हणून वाचला फोटो. त्या दिवसापासून त्याला घरात पाऊल टाकू दिलं नाही, आणि फोटोचा मी चांगला पक्का बंदोबस्त केला.

त्याच सुमारास धरणग्रस्ताच्या दाखल्याला पासपोर्ट साइजचे फोटो लागले. जन्मात पहिल्यांदा स्टुडिओत स्टुलावर बसलो. फोटोवाला म्हणतो, हसा! घर बुडालेला माणूस, त्यातून मी, हसणार कसला? असा चेहरा आला की दाखल्यावर सही करणाऱ्या साहेबानं मला आधी पाणी दिलं. सगळ्या प्रती सरकारनं खाल्ल्या. एक तेवढी उरली ती घरी आणली.

असो. पुढं काही वर्षांनी पुण्यात कामाला असलेल्या आमच्या गावच्या पोरांनी वेबसाइट काढली. गाव पाण्यात आणि नाव कॉम्प्युटरात! जगात कुठंही बसून बघता येणार म्हणे. माझ्याकडं आले, फोटो मागायला. मी हाकलून दिलं.

पण तेवढ्यात आक्काचा फोन आला.

"दगड्या, जेवलास का?" मला दगड्या म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस.

"जेवलो. तू बोल."

"डाक्टर म्हणतो काचबिंदू हाय. गेली ती नजर येत नाय. राह्यलेली किती दिस टिकंल त्ये बी सांगत नाय मेला."

मी म्हटलं, डॉक्टर बदल.

"डाक्टर बदलून दार दिसतंय व्हय? आरं, सुषमा म्हणती त्या कापूटरात आपल्या गावाचा फोटो टाकता येतो. मोठा करून बगता येतो. तुझ्यापाशी हाय ना? त्यात माझं दार हाय, तूच म्हणला व्हतास. मला त्ये एकदा बगू दे रे. डोळं हायेत तवर."

सुषमा म्हणजे तिची सून. तिच्या घरी कॉम्प्युटर होता, इंटरनेट होतं.

आता तुम्ही म्हणाल, फोटो पोस्टानं पाठवायचा. एकच फोटो! दुसरी प्रत नाही, काढणारा वारला, त्याची निगेटिव्ह कुठं गेली देव जाणे. तो पिशवीत घालून सोडून द्यायचा? माझा जीव होईना. फोटो भिंतीवरून उतरवला, धोतरात गुंडाळला आणि एसटीनं ओतूरला गेलो.

ओतूरला स्टँडसमोर दिगंबरचं दुकान. एकाच गाळ्यात फोटो स्टुडिओ, टेलिफोन बूथ आणि इंटरनेट. माणूस हातानं चांगला, तोंडानं वाईट. म्हणजे माझ्यासारखाच, फक्त त्याला हातात कला आहे.

फ्रेमच्या मागचे खिळे काढून त्यानं फोटो बाहेर घेतला. झाकणाच्या पेटीसारखं एक यंत्र होतं, त्याच्या काचेवर फोटो पालथा घालायला लागला.

"थांब! उजेड पडतो का ह्याच्यात?"

"पडतो की. स्कॅनर हाय नाना."

"रंग उडत्याल."

"एका उजेडानं रंग उडत नाय."

"दुपारच्या उन्हाला चादर टाकून धा वर्सं सांभाळलाय मी त्यो. एकदाच उजेड दावायचा. दुसऱ्यांदा दावलास तर यष्टीखाली झोपीन."

"बरं. एवढा फोटो एका झटक्यात मावायचा नाय, दोन येळा घ्यून जोडावा लागंल. म्हंजी दोन उजेड. चालंल?"

चालवून घेतलं. करतो काय?

"आन् नाना, ह्ये खाली कोपऱ्यात जे—"

"दिगंबर!" मी त्याला तिथंच तोडला. "जसाच्या तसा! कोपरा न्हाई, कड न्हाई, एक कण इकडचा तिकडं करायचा नाय. तुझी कलाकुसर लोकांच्या लग्नात दाव."

त्यानं एकदा फोटोकडं, एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "जशी मर्जी."

पडद्यावर गाव आलं. फोटोत माझी मिरची नखाएवढी होती; इथं दिगंबरनं मोठी केली तर एकेक देठ दिसायला लागला. माझ्या ओट्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. आमची आई असणार. फोटोत ती कधी दिसलीच नव्हती, मला वाटायचं पोतं आहे. मी पडद्याला हात लावला तर दिगंबर ओरडला, डाग पडतो म्हणून. पडू दे की.

मग तो म्हणाला, "आता ह्यो हलका करायला लागंल."

"म्हंजी?"

"फाइल लई जड झालीय. एवढी जड फाइल टेलिफोनच्या तारंतनं जायची म्हंजी दिस उजाडंल. आकार जरा बारीक करू आन् डोळ्याला कळत नाय तेवढं काढून टाकू. असल हाय ती शीडीच्या तबकडीवर तशीच राहील."

"काढून टाकू? काय काढणार? माझा ओटा काढशील का देऊळ?"

"आवं नाना, तुमी कांदा मार्केटला नेताना पात कापता, मुळ्या कापता, वरची सालपटं झाडता. कांदा कमी होतो का?"

"माझं गाव म्हंजी कांदा नाय!" मी असा ओरडलो की टेलिफोनच्या काचेच्या खोक्यातला माणूस बोलायचा थांबला. "आधी सरकारनं म्हटलं गाव उठवा, काय फरक पडत नाय. आता तू म्हणतो थोडं काढतो, काय फरक पडत नाय. माझ्या आक्काची नजर बारीक झालीय, तिला बारीक फोटो दाखवू? हलकं करायचं नाय! जसंच्या तसं जाऊ दे."

दिगंबरनं कपाळाला हात लावला आणि जसंच्या तसं पुण्याच्या पोरांना धाडलं. शीडीवर घालून धाडलं, ते पण एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. तारेतून जाईना म्हणे. तेव्हा तरी मला समजायला हवं होतं की नाही? नाही समजलं.

पोरांनी फोटो वेबसाइटवर चढवला. बाजारच्या दिवशी बघायचं ठरलं. दिगंबरच्या दुकानात मी, आमच्या बाजूची चार माणसं, आणि आमंत्रण नसताना बबन. दिगंबरनं एका लाइनीवर इंटरनेट लावलं. दुसऱ्या लाइनीवर मी बडोद्याला फोन लावला, सुषमाच्या मोबाइलवर. तिकडं त्यांनी पण तेच पान उघडलं.

"आक्का, काय दिसतंय?"

"निळं."

"आभाळ हाय त्ये. थांब जरा."

"थांबलीय की. एवढी वर्सं थांबले, आजून थांबते."

पडद्यावर फोटो वरून खाली येत होता. एक रेघ, मग दुसरी रेघ. आभाळ संपता संपेना. बबन जांभया द्यायला लागला. आणि मग डोंगराचं टोक आलं.

"दगड्या! डोंगार आला रं!" आक्का तिकडून ओरडली. "त्यो बग मधला सुळका. त्याच्याखाली आपली करवंदाची जाळी…"

डोंगर हळूहळू पुरा झाला. मग कळस. मग शिखर. मग मंडप. अगदी उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं! तसंच आधी कळस, तसंच इंचाइंचानं. फक्त इथं जोती नव्हती, घरं होती. कौलांसकट. धूर निघणारी घरं. माझ्या शेजारी उभ्या माणसानं टोपी काढून हातात घेतली.

"वरची आळी आली," आक्का म्हणाली. "ही बग तुझी मिरची! लई वाळत घातली व्हती का रं त्या साली?"

"व्हती. आता खाली बघ. आता तुझं दार येतंय."

"खाली करडं करडं हाय."

"येतंय. थांब."

"थांबलीय."

आणि लाइन तुटली. आमची पण आणि तिची पण. वरच्या आळीची शेवटची भिंत झाली आणि बरोब्बर तिथं फोटो थांबला. जिथं पाणी थांबतं तिथं.

दिगंबरनं पुन्हा लावलं. पुन्हा आभाळापासून! पुन्हा डोंगर, पुन्हा कळस, पुन्हा माझी मिरची, आणि पुन्हा तिथंच तुटलं.

बबन आता खुर्चीवरून उठला. "काय पावणं? वरची आळी तेवढी टाकली व्हय?"

"खालची येतीय. लाइन तुटती."

"धरणावर बी ह्येच सांगता. वरची जोती दिसत्यात, खालची येत्याल, जरा दम धरा. आमचं नशीबच करडं करडं!"

"आरं, अख्खा फोटो हाय त्यो. इचार दिगंबरला."

"दिगंबर तुमचाच माणूस. कापली तुमी! खालची आळी कापली!" आणि तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून भर बाजारात ओरडला, "ऐका रं! दगडूनानानं आपली आळी फोटोतनं कापली!"

बाजार खच्चून भरलेला. खालच्या आळीची माणसं आता कुठं कुठं राहतात, पण बाजारला ओतूरला येतात. पिशव्या खाली ठेवून सगळी गोळा झाली. एक म्हातारी म्हणाली, "कापायचीच व्हती तर आधी सांगायचं, आमी आमचा येगळा काढला आसता." कधी काढणार होती? पाण्यात बुडी मारून?

पुढं हेच सुरू राहिलं. दर बाजारी मी ओतूरला, आक्का बडोद्याला, आणि फोटो कौलांपाशी. एकदा तर दोन रेघा जास्त आल्या आणि आक्काच्या शेजारणीचं छप्पर दिसलं. आक्का म्हणाली, "ह्या भवानीचं दिसलं, माझं दिसंना!" दिगंबर दर वेळी एकच बोलायचा, "हलका करा नाना." मी दर वेळी एकच बोलायचो, "नाय."

मग एक दिवस आक्का फोनवर आलीच नाही. सुषमा बोलली.

"मामा, आईंना आता उजव्या डोळ्यानं दिसत नाही. डाव्यानं दिसतंय अजून, पण समोरचं तेवढंच. रोज विचारतात, आज दगडूचा फोटो खाली उतरला का? मामा, तो लहान करून टाकला तर नाही का चालणार?"

मी फोन ठेवला. दिगंबरकडं न बघता म्हणालो, "कर हलका."

त्यानं टोमणा मारला नाही. हे मात्र त्याचं मानलं. त्यानं पडद्यावर माझी मिरची दोनदा काढली, शेजारी शेजारी. "एक असल, एक हलकी. कंची कंची, सांगा."

मी निरखून बघितलं. मिरची ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. डावीकडची रसरशीत, देठासकट. उजवीकडची जरा मळकी. "ही असल," मी डावीकडं बोट ठेवलं. "आंधळा पण सांगंल."

"ती हलकी," दिगंबर म्हणाला. "मळकट रंग जरा उजळला तिचा."

त्यावर मी काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही.

पोरांनी हलका फोटो वेबसाइटवर चढवला आणि पुढच्या बाजारी पुन्हा सगळे जमले. खालची आळी अख्खी. बबन पहिल्या खुर्चीवर. मी सुषमाला फोन लावला. "उघड पोरी." आणि इकडं दिगंबरनं पान उघडलं.

डोळ्याचं पातं लवायच्या आत! आभाळ, डोंगर, कळस, वरची आळी, खालची आळी, एका दमात. दुकानात एकच गलका. "त्यो बग आपला गोठा!" "आगं, जात्याची पडवी!" बबन उभा राहिला, पडद्याला नाक लावून आपलं घर बघायला लागला. त्याचं घर होतं! शाबूत, परसातल्या शेवग्यासकट! मी छाती पुढं काढली. आता माफी मागणार म्हणून वाट बघायला लागलो.

मग आधी फोनमध्ये विचारलं.

"आक्का? दिसलं का?"

"गाव दिसलं," ती सावकाश म्हणाली. "समदं दिसलं. पर दगड्या, माझ्या दारात कोण बसलाय ह्यो?"

"कोण बसणार? तुझी तुळस आसंल."

"तुळस न्हवं. माणूस हाय. दारापेक्षा मोठा हाय. आन् रागानं माझ्याकडंच बगतोय."

बबनचं बोट पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर. मी चष्मा लावला.

आक्काचं घर जिथं असायला पाहिजे तिथं, निळं दार, तुळस, ओटा सगळं झाकून, मी. पासपोर्ट साइज. टोपी कपाळावर, मिश्या खाली, घर बुडालेल्या माणसाचा चेहरा. आणि काय स्वच्छ, राव! नाकावरचा एकेक केस मोजून घ्या. क्वालिटीत कणाची कमी नाही!

उरलेली प्रत. आठवलं का? मला पण तेव्हाच आठवलं. बबननं फोटो पळवायला बघितला त्या दिवशी मीच शिजवलेल्या भाताची खळ केली होती आणि मालक कोण ते कुणालाही कळावं म्हणून माझा फोटो गावाच्या कोपऱ्यात चिकटवून टाकला होता. काचेवर नाही हो, काच बदलता येते. सरळ फोटोवर. हाच माझा पक्का बंदोबस्त! त्यानंतर मी रोज फोटो बघायचो, पण बघायचो काय? माझी मिरची. आक्काचं दार मला पाठ होतं, ते बघायची गरजच कधी पडली नाही.

"दिगंबर! तुला दिसत नव्हतं?"

"पयल्या दिशीच दिसलं. सांगत व्हतो तर तुमी म्हणला, कोपरा न्हाई, कड न्हाई, एक कण हलवायचा नाय."

घरी येऊन मंडळींना सांगितलं. त्या भाकरी थापताना मान पण वर न करता म्हणाल्या, "मला रोज दिसायचं. मला वाटलं तुमाला हवंच हाय तिथं."

दिगंबरनं वाफ देऊन माझा फोटो सोडवायला बघितला. टोक जरा उचललं तर त्याच्याबरोबर खालचा कागद पण उचलायला लागला. निळा रंग दिसला. नखाएवढा. दाराचाच असणार. मी त्याचा हात धरला. तसाच राहू दे म्हटलं. मी निघालो असतो तर दार पण गेलं असतं. म्हणजे आक्काचं घर दोनदा बुडालं. एकदा पाण्याखाली आणि एकदा माझ्या तोंडाखाली. पाणी निदान उन्हाळ्यात थोडं उतरतं तरी.

पण त्या दिवशी फोनवर आक्का काय म्हणाली ते राहिलंच. आधी हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं रडतीय. मग हसायचा आवाज आला. लहानपणी मी शेणात पडलो की हसायची, तसाच.

"मुडद्या," ती म्हणाली, "एवढी वर्सं भाऊबीजंला ये ये म्हणले, तर आला नाहीस. आन् आता दारातनं हल म्हणते तर हलंना झालास!"

मी त्या दिवाळीला बडोद्याला गेलो. कांदा राहिला तर राहिला. पण तोवर तिचा डावा डोळा पण गेला होता. तिनं मला हातानंच चाचपून बघितलं, मिश्या ओढून बघितल्या, ओवाळलं. म्हणाली, फोटोतल्यापेक्षा बारीक झालास. सुषमा सांगते, आक्का अजून रोज संध्याकाळी ते पान उघडायला लावते आणि विचारते, "हाय का गं त्यो दारात?" सुषमा सांगते, आहे. मग ती जेवायला बसते.

तेव्हा ते पान तेवढं कुणी काढू नका, पोरांनो. दुसरा चांगला फोटो मिळाला तरी.

आणि बबनचं. त्या दिवसापासून बबन गावभर सांगत सुटलाय, "बगा, मी म्हणत नव्हतो?" नव्हताच म्हणत! तो भर बाजारात म्हणाला होता, मी खालची आळी कापली. मी कापली नव्हती. त्याचं घर, त्याचा शेवगा, सगळं जागच्या जागी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीचं घर तेवढं मी झाकलं होतं, ते पण माझ्या स्वतःच्या थोबाडानं. कापणं निराळं, झाकणं निराळं, एवढं चौथीतून पळालेल्या माणसाला सुद्धा कळतं. म्हणजे माझ्यावर घेतलेला संशय खोटा ठरला, आणि माफी मागायची अजून राहिलीय.

कुणी मागायची, तेवढं मात्र नीट छापा. जाड अक्षरात, आणि हलकं न करता: बबननं. खालच्या आळीच्या बबननं.